विषय: क्रीडादिनाच्या फलकांवर बिली मेरेडिथ हवाच

नमस्कार मंडळी,

क्रीडादिनासाठी मुलं विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ब्रिटिश फुटबॉलपटूंचे फलक रंगवणार आहेत. भिंतीवर जागा तिघांचीच. स्टीव्ह ब्लूमर (इंग्लंडकडून २३ सामन्यांत २८ गोल!) आणि वॉल्टर टल (इंग्लिश फुटबॉलमधल्या सुरुवातीच्या कृष्णवर्णीय खेळाडूंपैकी एक) यांच्याबद्दल दुमत नाही. तिसरा कोण, बिली मेरेडिथ की व्हिव्हियन वुडवर्ड? वुडवर्ड १९०८ आणि १९१२ च्या ऑलिंपिक विजेत्या संघांचा कर्णधार. मेरेडिथवर लाचेचा ठपका आहे, त्यामुळे माझा कल वुडवर्डकडे. शुक्रवारपर्यंत कळवा.

– कार्यवाह

———

ताई,

मेरेडिथला गाळू नका, हात जोडून सांगतो.

वेल्समधल्या चर्क गावचा हा मुलगा १२ व्या वर्षी कोळशाच्या खाणीत उतरला, तट्टं हाकायला. मँचेस्टर सिटीने घेतल्यावरही काही काळ खाण सुटली नव्हती. उजव्या विंगेवर खेळायचा, तोही तोंडात दातकोरणी धरून. १९०४ च्या एफए कपच्या (इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनच्या स्पर्धेच्या) अंतिम सामन्यात बोल्टनविरुद्धचा एकमेव गोल त्याचाच.

आता लाचेचं. १९०५ साली ॲस्टन व्हिला या प्रतिस्पर्धी क्लबच्या एका खेळाडूला १० पौंड देऊ केल्याबद्दल त्याच्यावर बंदी आली. हे मुलांपासून लपवू नये. पण पुढचंही सांगायला हवं. बंदीच्या काळात क्लबने हात वर केले, तेव्हा त्याने तोंड उघडलं: क्लब खेळाडूंना ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पैसे देत होता. मर्यादा किती? आठवड्याला ४ पौंड! हजारो लोक तिकीट काढून ज्याला बघायला यायचे, त्याला नियमाने मिळणार एवढेच. चौकशीत सिटीचे १७ खेळाडू अडकले.

आणि त्यानंतरचं काम तर मला त्याच्या गोलांहून मोठं वाटतं. २ डिसेंबर १९०७ ला मँचेस्टरच्या इंपीरियल हॉटेलात खेळाडूंची संघटना उभी राहिली, त्या सभेचा अध्यक्ष मेरेडिथ. १९०९ मध्ये फुटबॉल असोसिएशनने दम भरला, संघटना सोडा नाहीतर खेळणं बंद. ठिकठिकाणचे खेळाडू एकेक करून नमले. मेरेडिथ आता ज्या क्लबकडून खेळत होता, त्या मँचेस्टर युनायटेडचे अडून बसले. त्याच वर्षी कप जिंकलेला संघ हा! सरावाच्या वेळी त्यांनी एकत्र फोटो काढला, पुढ्यात पाटी ठेवली: 'आउटकास्ट्स एफसी'. वाळीत टाकलेल्यांचा संघ. फलकावर तो फोटो रंगवायला सांगा मुलांना, पाटीसकट.

– चोर्लटनहून, काका

———

काका, ताई,

काकांच्या पत्राला माझं अनुमोदन. पण यादीत मुलगी एकही नाही, हे मनाला लागलं. मी मंडळाच्या मुलींना दर शनिवारी खेळवते. त्यांना लिली पार भेटायला हवी.

सेंट हेलेन्सची लिली १४ व्या वर्षी प्रेस्टनच्या डिक, कर कारखान्याच्या संघात आली. डाव्या पायाची किक अशी की भल्याभल्यांना धडकी भरावी. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर या बायकांचा सामना बघायला ५३,००० माणसं आली, आत जागा नाही म्हणून हजारो परत गेली. त्या दिवशी फ्लॉरी रेडफर्डची आगगाडी चुकली, म्हणून कर्णधार ॲलिस केल पुढे खेळायला आली आणि तिने हॅटट्रिक केली! सगळा पैसा मदतकार्याला गेला. वर्षही पुरतं झालं नाही तोच, ५ डिसेंबर १९२१ ला, असोसिएशनने आपल्या क्लबांची मैदानं बायकांना बंद केली. ही बंदी जवळजवळ ५० वर्षं टिकली.

फलक लावायला जागा नसेल तर मुली तो धरून उभ्या राहतील.

– मुलींच्या संघाची ताई

———

मंडळी,

काका, लाचेच्या पुढचं मला माहीत नव्हतं. तिसरा फलक मेरेडिथचा. लिलीचा दारासमोर, आत येताना पहिला तोच दिसेल असा. वुडवर्डचा पुढच्या वर्षी.

– कार्यवाह

———

ताई,

डोळे भरून आले. एक विनंती आहे. मेरेडिथ १९५८ साली गेला, मँचेस्टरच्या सदर्न सिमेटरी या दफनभूमीत आहे, माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. कित्येक वर्षं त्याच्या कबरीवर नावाचा दगड नव्हता. पुढे दगडाच्या खर्चाला जे धावून आले, त्यांत खेळाडूंची संघटनाही होती, त्यानेच उभी केलेली. रंगवायला बसण्याआधी मुलांना एकदा तिथे नेऊ या. रविवारी ११ वाजता फाटकापाशी उभा राहतो.

– काका