ग्रीमा वर्मटंगला जगू दिलं असतं तर तो सुधारला असता का?

कृष्णाकाठ (सांगली):
टोल्किनची कादंबरी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' फक्त पडद्यावर पाहिलेल्यांसाठी आधी थोडक्यात, कारण पुस्तकातला शेवट (तिसरा खंड, १९५५) वेगळा आहे. रोहन राज्याच्या थेओडेन राजाचा सल्लागार ग्रीमा आतून सारुमान या दुष्ट जादूगाराला फितूर असतो. उघडा पडल्यावर राजा त्याला जिवंत सोडतो, तरी तो सारुमानकडेच पळतो. शेवटी दोघंही देशोधडीला लागून कथानायक फ्रोडोच्या मुलखात, हॉबिट नावाच्या बुटक्या लोकांच्या शायरमध्ये येतात. तिथे फ्रोडो ग्रीमाला म्हणतो, सारुमानच्या मागे जायची गरज नाही. इथे राहा, खा, अंगात ताकद आली की आपल्या वाटेनं जा. ग्रीमा थबकतो, मागे वळून बघतो. तेवढ्यात सारुमान फोडतो की लोथो या हॉबिटाला यानंच मारलं, आणि त्याला लाथ घालतो. ग्रीमा उठून सारुमानचा गळा चिरतो आणि पळतो. फ्रोडोच्या तोंडून शब्द निघायच्या आत तीन हॉबिट बाण सोडतात.
माझं ठाम मत: तो सुधारला असता. तो थबकला, यात सगळं आलं. सारुमान त्याला हिणवताना म्हणतो की हा रात्री बाहेर पडला तरी नुसता तारे बघायला. उपाशी, लाथा खाणारा माणूस रात्री तारे बघायला जातो, त्याच्यात काहीतरी शिल्लक आहे की नाही?

माहुलीकर:
नाही. दादा, त्याला संधी आधीच मिळाली होती. थेओडेन म्हणाला, माझ्याबरोबर लढाईला चल आणि निष्ठा दाखव. हा राजाच्या पायापुढे थुंकला. आमच्या माहुलीचे रामशास्त्री आठवा. नारायणरावांच्या खुनाबद्दल (१७७३) त्यांनी राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. समोर कोण आहे, त्याचा आपल्याला उपयोग किती, हे पाहिलं नाही. घरातल्यानं घात केला की त्यानंतर कुणीच कुणावर विसंबू शकत नाही. रागाच्या भरात कुऱ्हाड घालणारा वेगळा, आणि रोज राजाच्या उशाशी बसून विष कालवणारा वेगळा.

आटपाडीकर:
माहुलीकर, कुऱ्हाड घालणाऱ्यांचाच विषय काढलात म्हणून सांगतो. आमच्या तालुक्यात स्वतंत्रपूर आहे. १९३९ साली औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांनी कैद्यांसाठी उभी केलेली खुली वसाहत. भिंत नाही, बेड्या नाहीत. शेती करायची, बायकापोरांसह राहायचं. तिथे नुसती माफी नव्हती, रोज सकाळी उठून करायचं काम होतं. ग्रीमाला कुणी काय दिलं? थेओडेननं घोडा दिला आणि दार दाखवलं. फ्रोडोनं चार दिवसांचं जेवण देऊ केलं. ज्याला दुसऱ्याच्या हुकमाशिवाय जगायची सवयच उरलेली नाही, त्याच्या हातात लगाम देऊन 'जा कुठेही' म्हटलं तर तो जुन्या मालकाकडेच जाणार.

वाईची लेक:
थेओडेनची भाची इओविन, तिचं नाव अजून कुणीच घेतलं नाही, याचं मला वाईट वाटतं. फितुरीची किंमत म्हणून ग्रीमाला तीच हवी होती. राजवाड्यात तो तिच्यावर पाळत ठेवून असायचा, सतत तिच्या मागावर. असल्या माणसाला सोडायचा निर्णय राजानं घेतला. तिला विचारलं का? तुम्ही सगळे ग्रीमाच्या मनात काय चाललं असेल ते शोधताय. आणि आटपाडीकर, आज खुल्या वसाहतीत कैदी जातो तो आधीच्या तुरुंगातली वागणूक पाहून. ग्रीमानं शिक्षा कुठे भोगली?

कृष्णाकाठ (सांगली):
ताई, इओविनच्या डोळ्यांसमोर तो पुन्हा येता कामा नये, यात वादच नाही. त्यानं रोहनपासून दूर राहावं. पण दूर राहणं म्हणजे मरणं नव्हे.
गॉलम बघा, अंगठीच्या लोभानं बिघडलेला, फ्रोडो आणि त्याचा साथी सॅम यांना वाट दाखवणारा. किरिथ उंगोलच्या पायऱ्यांवर फ्रोडो झोपलेला असतो, गॉलम हळूच त्याच्या गुडघ्याला हात लावतो. त्या क्षणी तो एक थकलेला म्हातारा हॉबिट दिसतो. सॅम जागा होतो, खेकसतो, आणि तो क्षण जातो. टोल्किननी एका पत्रात कथेतला सर्वांत शोकांत क्षण म्हणून सॅमची ही चूक सांगितली आहे. बदल दाराशी आला होता, बाहेरच्या माणसानं तो परतवला. बाणांनीही तेच केलं.

माहुलीकर:
आणि त्यानंतर गॉलमनं दोघांना शेलोब या राक्षसी कोळिणीच्या बिळात नेऊन सोडलं. एका कडू शब्दानं जो पुन्हा घातावर येतो, त्याच्या भरवशावर मी माझ्या घरच्यांना झोपू देणार नाही. ग्रीमानं लोथोला झोपेतच मारलं होतं. त्याची आई लोबेलिया, तिला काय सांगणार?

आटपाडीकर:
लोबेलियाचं नाव बरं काढलंत. सुरुवातीपासून हावरट, भांडखोर, फ्रोडोच्या घरावर डोळा ठेवून बसलेली बाई. कोठडीतून फ्रोडोच्या हाताच्या आधारानं बाहेर आली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणाला ती आवडण्याची ती पहिलीच वेळ. मुलगा गेल्याचं कळून ती खचली, पण तिनं घर फ्रोडोला परत दिलं आणि बेघर झालेल्या हॉबिटांसाठी आपला पैसा ठेवून गेली. ती फितूर नव्हती, मान्य. पण तिच्याकडून हे घडेल असं आधी कुणी म्हटलं असतं का? ग्रीमासाठी टाळ्या नकोत. धनुष्यं खाली ठेवून त्याला बांधून पंचांपुढे उभा करायला काय हरकत होती?

वाईची लेक:
पंचांपुढे उभा करायला माझी हरकत नाही. फक्त त्या पंचांत इओविन आणि लोबेलिया बसलेल्या हव्यात.