पेट्रोल-डिझेलवरचा कर कमी करून नक्की कोणाचं भलं होतं?

पाचवा गिअर
दर वाढले की एकच मागणी कानावर येते: कर कमी करा. केंद्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये पेट्रोलवरचे ५ आणि डिझेलवरचे १० रुपये उतरवले, मे २०२२ मध्ये आणखी ८ आणि ६. त्याच वर्षी जुलैत राज्याने व्हॅट घटवून पेट्रोल ५ आणि डिझेल ३ रुपयांनी खाली आणलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र ही पद्धतच पटत नाही. लिटरमागे ५ रुपये सोडले तर महिन्याला २० लिटर भरणाऱ्या स्कूटरवाल्याचे १०० रुपये वाचतात आणि १५० लिटर जाळणाऱ्या एसयूव्हीवाल्याचे ७५०. म्हणजे जो जास्त जाळतो त्याच्या खिशात सरकार जास्त घालतं. तेच पैसे एसटीला द्या. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, चांगलंच झालं. पण गाडीच आली नाही तर सवलत घेऊन काय स्टँडवर बसायचं? दर चढेच राहू द्या. एकट्यासाठी चारचाकी बाहेर काढताना माणूस निदान दोनदा विचार करेल.

जुन्नरचा टेम्पोवाला
आम्ही कितीही विचार केला तरी टोमॅटो एसटीने वाशीला जात नाही. तुमच्या हिशोबात एसयूव्ही आली, स्कूटर आली, पिकअप कुठाय? नारायणगावहून वाशी मार्केट जाऊन-येऊन ३०० किलोमीटर धरा. भरलेली गाडी, घाट, आणि येताना बहुतेक वेळा नुसते रिकामे क्रेट. २५ लिटर डिझेल कुठे गेलं नाही.

आकडेमोड
याच आकड्यांवर बोलू. ३ रुपये कमी झाले तर खेपेला ७५ रुपये वाचले. पिकअपमध्ये २० किलोचे ७० क्रेट धरले तर क्रेटमागे जेमतेम रुपया, किलोमागे ५ पैसे. टोमॅटो १० चा ६० होतो तो डिझेलमुळे नाही, पाऊस आणि आवक यांच्यामुळे. तेव्हा "डिझेल महागलं म्हणून भाजी महागली" हे अर्धंमुर्धं खरं आहे. धागाकर्त्याशी सहमत.

जुन्नरचा टेम्पोवाला
३ रुपयांचा हिशोब केलात, ४० चा करा की. मार्च २०२० मध्ये मुंबईत डिझेल ६५-६६ होतं, एप्रिल २०२२ मध्ये १०४.७७ झालं. २५ लिटरला खेपेमागे हजाराच्या जवळपास. हे पैसे टोमॅटोच्या भावात दिसत नाहीत, बरोबर बोललात. कारण ते गिऱ्हाईक देत नाही, मी देतो. भाडं सीझनच्या सुरुवातीला ठरतं आणि शेतकरी गावातलाच असतो. मधेच कोणत्या तोंडाने वाढवून मागू? "तुला नसेल जमत तर दुसरा बघतो" हे ऐकायला मिळतं, आणि दुसरा मिळतोही.

खडूस काकू
धागाकर्ते, "दर चढे राहू द्या" हे तत्त्व कच्चं तेल उतरतं तेव्हा कुठे जातं? मे २०२० मध्ये जगात तेलाला कोणी विचारत नव्हतं. आपल्याकडे केंद्राने एका रात्रीत पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये कर चढवला. २०१४ मध्ये ९ रुपये ४८ पैसे असलेलं पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क ३२.९८ वर गेलं. स्वस्ताईत सरकार घेणार, महागाईत आम्ही सोसायचं. वर यातली मेख अशी की राज्यांना वाटा मिळतो तो फक्त मूळ शुल्कातून. ते पेट्रोलवर लिटरला १ रुपया ४० पैसे आहे. बाकी सगळे अधिभार आणि उपकर, म्हणजे दिल्लीचे. मग राज्य व्हॅट सोडायला का तयार होईल? तुमच्या एसटीला पैसे द्यायचे कोणी, हे आधी सांगा.

बांदा नाका
राज्य सोडतं की. आमच्या शेजाऱ्याने, गोव्याने, सोडला होता. २०१२ मध्ये पर्रीकर सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट २० टक्क्यांवरून ०.१ वर आणला, लिटरमागे ११ रुपये उतरले. नंतर टप्प्याटप्प्याने परत चढला, पण फरक राहिलाच. सावंतवाडी-बांद्याचा माणूस गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपलीकडे काम निघालं की टाकी रिकामी ठेवूनच जातो. तिकडे नवापूरवाले गुजरातेत भरतात. आपला पंपवाला दारात बसून गाड्या मोजतो. कर चढा ठेवून वापर कमी होतो म्हणता. सीमेवर वापर तेवढाच राहतो, फक्त महसूल पलीकडे जातो.

इझारकाठी
म्युनिकहून. इथे २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर सरकारने दोन्ही उपाय एकदम केले. जून ते ऑगस्ट पेट्रोलवरचा कर लिटरला साधारण ३५ सेंट कमी, आणि त्याच तीन महिन्यांत ९ युरोंत महिनाभर देशभरातल्या लोकल गाड्या, बस, ट्राम. शनिवार-रविवारी गाडीत पाय ठेवायला जागा नसायची, अगदी आपली सकाळची डोंबिवली. पण जिथे दिवसाला मोजून दोन बस जातात तिथल्या माणसाला त्या तिकिटाचा उपयोग शून्य. त्याला पंपावरचीच सवलत लागली. तिकीट २०२३ च्या मे महिन्यात ४९ युरोंना परत आलं. पाचवा गिअर, तुमचं म्हणणं शहरापुरतं खरं आहे.

हवा भरा
सरकार करेल तेव्हा करेल. टायरमध्ये हवा नीट ठेवा, एक्स्प्रेसवेवर १०० ऐवजी ८० ने चालवा, दोन लिटर तिथेच वाचतील.

खडूस काकू
आणि २० टक्के इथेनॉलने मायलेज जातं त्याचं काय? इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे तिसरा हिस्सा ऊर्जा कमी असते. वाचवलेलं तिथे फिटलं.

पाचवा गिअर
इथेनॉलचा वेगळा धागा काढा, नाहीतर इथे ऊस उगवेल.
काकू, २०२० चा मुद्दा मान्य. स्वस्ताईत गोळा केलेला कर महागाईत परत द्यायलाच हवा. माझा वाद द्यायचा कसा याबद्दल आहे. टेम्पोवाले, तुम्हाला डिझेल स्वस्त द्यायचं तर त्याच पंपावर डिझेल एसयूव्हीलाही मिळणार. मालवाहू गाड्यांचा वाहनकर माफ करावा, हे चालेल?

जुन्नरचा टेम्पोवाला
चालेल, पण तेवढ्याने भागत नाही. मुंबईच्या रिक्षा-टॅक्सीला खटुआ समितीचं सूत्र आहे. खर्च वाढला की प्राधिकरण भाडं बदलतं. फेब्रुवारी २०२५ ला रिक्षाचं किमान भाडं २३ चं २६ झालं. भाजीच्या गाडीला तसं सूत्र द्या. डिझेल अमुक रुपये वाढलं की भाडं तमुक. मग कर ठेवा नाहीतर काढा, माझी तक्रार नाही.

आकडेमोड
मग तो क्रेटमागचा खर्च शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या पैशातून, कापला जाईल, नाहीतर गिऱ्हाइकाच्या माथी बसेल. आरडाओरडा होईल.

जुन्नरचा टेम्पोवाला
होऊ दे. आत्ता मी एकटाच ओरडतोय.