मँडोलिन: संथ चालीत ट्रेमोलो तुटतो, वरचे सूर चढतात

जिगवाला:
रील-जिग (नाचाच्या जलद चाली) बऱ्यापैकी हाताखाली आहेत. आता चर्चमध्ये ऑर्गनसोबत ई फ्लॅटमधलं एक संथ स्तोत्र वाजवायचंय, आणि जोडीला विवाल्डीच्या सी मेजर कॉन्चेर्तोतला (रचनासूचीत आरव्ही ४२५) लार्गो, म्हणजे संथ भाग, बसवतोय. अडचणी तीन. ट्रेमोलो (सूर लांबवण्यासाठी भरभर खाली-वर फटके) घोटीव येत नाही, खडखडतो. सातव्या फ्रेटच्या (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) पुढे सूर चढे लागतात, मोकळ्या तारा मात्र ट्यूनरवर चोख आहेत. आणि ई फ्लॅटमध्ये मोकळी तार फारशी मिळत नाही, बोटं आखडतात. सुरुवात कुठून करू?

नखी_दीड_मिमी:
खडखड बहुतेक वेळा वरच्या फटक्यात असते. मँडोलिनच्या तारा जोडीजोडीने असतात. खाली येताना पिक (नखी) जोडीतल्या दोन्ही तारांना लागतं, वर जाताना एकीलाच, म्हणून एक फटका भरीव आणि पुढचा पोकळ. तपासायचं असेल तर मोकळ्या ए जोडीवर फक्त वरचे फटके मारा, अगदी सावकाश. दोन्ही तारा वाजल्या नाहीत तर दोष तिथेच आहे.

उपाय: पिक तारेच्या खाली एक-दीड मिलिमीटरपेक्षा जास्त जाऊ देऊ नका आणि ते किंचित तिरकं धरा, म्हणजे कड तारेवर अडकण्याऐवजी घसरेल. १.२ ते १.५ मिमी जाडीचं, गोल टोकाचं पिक घ्या. पातळ पिक वाकून परत येताना टकटक करतं. पकड इतकी सैल हवी की कुणी ओढलं तर पिक निघून यावं.

मग मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर. एका मात्रेत चार फटके, ते सारखे ऐकू आले की सहा, मग आठ. सहाचा टप्पा लोक गाळतात आणि नेमके तिथेच अडकतात. वेगासाठी कोपर ताठ करू नका, हालचाल मनगटातूनच. वेग आला की मोजणं सोडा, नाहीतर स्तोत्र शिवणयंत्रासारखं वाजतं.

तार बदलताना खटका येत असेल तर डावा हात बघा. बोट आधी उचललं जातं आणि एक-दोन फटके दबलेल्या तारेवर पडतात. नवा सूर खालच्या फटक्यावर सुरू करा. आणि ओळीच्या शेवटी ट्रेमोलो थांबवून शेवटचा सूर एकाच फटक्यात सोडा. गाणारे तिथे श्वास घेतात, तुम्हीही घ्या.

घोडी_सरळ:
मोकळ्या तारा बरोबर आणि वरचे सूर चढे, म्हणजे ब्रिज (तारांखालची घोडी) जागेवरून हललाय. तो चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबावर उभा असतो. तारा जुन्या असतील तर आधी त्या बदला, नाहीतर मोजमापाला अर्थ नाही. बदलताना एका वेळी एकच जोडी काढा. सगळ्या काढल्या की ब्रिज पडतो.

बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक (घंटेसारखा बारीक सूर) घ्या, मग तोच सूर दाबून वाजवा. दाबलेला चढा असेल तर ब्रिज टेलपीसकडे (तारा अडकवलेल्या खालच्या टोकाकडे) सरकवा, उतरता असेल तर नटकडे (मानेच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीकडे). तारा थोड्या सैल करून अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरनेच हलवा, परत सुरात लावून तपासा. ई (सगळ्यात बारीक) आणि जी (सगळ्यात जाड), दोन्ही टोकं वेगवेगळी बघा, ब्रिज थोडा तिरका बसणं नेहमीचंच आहे. शेवटी बाजूने नजर टाका: तारा ताणताना ब्रिजचा माथा नटकडे झुकतो.

पहिल्या दोन-तीन फ्रेटवरही सूर चढत असतील तर ते वेगळं दुखणं, नटच्या खाचा उथळ आहेत.

पट्टीबदल:
ई फ्लॅटसाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावा आणि डी मेजरची बोटं वाजवा. ए फ्लॅट आलं तर तोच कॅपो, बोटं जी मेजरची. कॅपो फ्रेटला खेटून लावा आणि नंतर पुन्हा सुरात लावा, जाड जी जोडी हमखास चढते.

लार्गोत मात्र ट्रेमोलोची सक्ती करून घेऊ नका. अखंड ट्रेमोलो एकोणिसाव्या शतकात इटलीतल्या वादकांनी रुळवला, विवाल्डीच्या (१६७८–१७४१) संगीताला एकेक स्वच्छ फटकाच शोभतो. लांब सुरावर हवं तर छोटी मुरकी घ्या.

जिगवाला:
वरचे फटके खरंच एकाच तारेवर पडत होते. ब्रिजही झुकलेला निघाला. स्तोत्रात सुरावटीखाली दुसरा आवाज कसा धरू?

नखी_दीड_मिमी:
शेजारच्या जाड जोडीवर. शेजारच्या दोन जोड्यांत शुद्ध पंचमाचं अंतर असतं, म्हणून बारीक जोडीवरचं बोट जाड जोडीवरच्यापेक्षा एक-दोन फ्रेट पुढे ठेवलं की सुरांची सहाव्याची जोडी (सहाव्या स्वराचं अंतर) मिळते, तीन-चार फ्रेट मागे ठेवलं की तिसऱ्याची. सहाव्याची हाताला सोपी. मात्र चार तारांवर ट्रेमोलो करताना मनगटाचा पल्ला वाढतो, तेव्हा मात्रेत आठऐवजी सहा फटके ठेवा. दुसरा आवाज फक्त लांब सुरांवर घ्या, प्रत्येक सुराखाली नको. ऑर्गन तो भाग वाजवतच असतो.