मदत हवी आहे: स्पॅनिशच्या भूतकाळात गाडी अडलीये

मंडळी, डेले ए२ या स्पॅनिशच्या परीक्षेची तयारी चालू आहे. 'तेनेर' (जवळ असणे) या क्रियापदाचा वर्तमानकाळ (तेंगो, तिएनेस, तेनेमोस) पाठ झाला, भविष्यकाळातलं 'तेंद्रे'ही ठीक. भूतकाळात मात्र बोंब! तुबे, तुबिस्ते, तुबो... 'एस्तार'चं (असणे) एस्तुबे, 'आंदार'चं (चालणे) आंदुबे याच चालीवर, तेवढं कळलं. पण अनेकवचनी 'तुबिएरोन'मध्ये 'इ' आहे, मग 'देसीर'च्या (सांगणे) 'दिहेरोन'मध्ये तो का गळतो? 'त्राएर'चंही (आणणे) त्राहेरोनच. असा 'ह' आला की सगळ्यांना हाच नियम का?

शिवाय 'तेनिआ उन पेरो' (हा दुसरा, अपूर्ण भूतकाळ) आणि 'तुबे उन पेरो', कुत्रा दोन्हीकडे होताच की! कधी कुठलं वापरायचं? तक्ते भरपूर आहेत हो, तुम्ही बोलताना कसं ठरवता ते सांगा. (वोसोत्रोसची, म्हणजे 'तुम्ही लोक'ची रूपं तूर्तास बाजूला ठेवलीयेत.)