मॉरिशस : स्वतः गाडी चालवत फिरलेल्यांनी लिहा (अनुभव धागा)

मॉरिशस उत्तर-दक्षिण जेमतेम ६५ किमी आणि रुंदीला ४५. नकाशा बघून वाटतं, दोन दिवसांत बेट पालथं घालू. तसं होत नाही. मोटारवे सोडला की रस्ता गावागणिक अरुंद होतो, मध्ये गतिरोधक, चौकातली वर्तुळं (राउंडअबाउट), रस्त्याकडेला उभ्या गाड्या. ४० किमीला सव्वा तास धरायचा.

समुद्र निळा आहे हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे तसली वर्णनं नकोत. गाडी, रस्ते, पाऊस, जंगल, बाजार, देवळं यांबद्दल ज्याला जे नेमकं ठाऊक आहे ते लिहा. काय बिघडतं आणि का बिघडतं, हेही येऊ द्या.

प्रतिसाद १

गाडी ताब्यात घेतानाचं आधी. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, म्हणून तेवढी धास्ती नाही. आपला परवाना सोबत हवाच, आंतरराष्ट्रीय परवाना काढून नेला तर काउंटरवर वाद होत नाही. अनामत क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. डेबिट कार्ड बरेच जण घेत नाहीत आणि कार्ड चालकाच्याच नावाचं लागतं.

विम्याच्या कागदात ‘एक्सेस’चा आकडा शोधा. नुकसानीतला तेवढा भाग आपल्या खिशातून जातो. टायर, काचा आणि गाडीचा खालचा भाग बहुतेक वेळा विम्याबाहेर असतो, आणि या बेटावर नेमकं तेच जास्त फुटतं. कारण गटारं. गावातल्या रस्त्याला पदपथ नसतो, डांबराची कड संपली की थेट उघडं, खोल सिमेंटचं गटार. समोरून बस आली म्हणून चार बोटं जास्त डावीकडे घेतलं की चाक आत. अशा जागी बाजूला सरकण्याऐवजी थांबावं आणि बसला जाऊ द्यावं.

निघण्याआधी चारही बाजू, चाकांच्या रिंगा आणि इंधनाचा काटा यांचा व्हिडिओ. जॅक, पाना आणि जादा चाक डिकीत खरंच आहे का ते उघडून बघा, आणि वायपरचं रबरही. बेटाच्या मधल्या पठारावरच्या पावसात त्याची परीक्षा होते.

पंपावर कर्मचारी इंधन भरतो. तिथे पेट्रोलला ‘मोगास’ किंवा ‘एसांस’ म्हणतात आणि डिझेलला ‘गॅस ऑइल’. ‘गॅस’ शब्द ऐकून मान डोलवू नका. दर सरकार ठरवतं, सगळ्या पंपांवर सारखाच, म्हणून स्वस्त पंप शोधत फिरण्यात अर्थ नाही.

प्रतिसाद २

वेगाचं : मोटारवेवर जास्तीत जास्त ११०, गावात ४० किंवा ६०. पाटी पटापट बदलते आणि कायमचे कॅमेरे बसवलेले आहेत. वर्तुळात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. ‘आधी घुसेल त्याचं वर्तुळ’ ही आपली सवय विमानतळावरच ठेवून या.

राजधानी पोर्ट लुईत सकाळी साडेसात ते साडेनऊ आणि दुपारी साडेतीननंतर मोटारवे गच्च होतो. विमानतळ दक्षिणेला आणि मुक्काम उत्तरेत ग्राँ बेला असेल, तर ही वेळ टाळून निघा. राजधानीतल्या रस्त्यांवर पार्किंगला कुपन लागतं, ते पेट्रोल पंपावर मिळतं. वेळ खाडाखोड न करता भरून काचेमागे दिसेल असं ठेवायचं. कुपन जवळ नसेल तर सशुल्क वाहनतळ गाठा.

प्रतिसाद ३

रस्ता ठरवण्याआधी वारा बघा. दिवस वाया जाण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच.

वारे आग्नेयेकडून येतात, मधल्या पठारावर चढतात आणि पाणी तिथेच टाकतात. पठारावर वर्षाला ४००० मिमीच्या आसपास पाऊस, तर पश्चिम किनाऱ्यावर फक्त ९०० च्या. म्हणून फ्लिक आं फ्लाकला कडक ऊन आणि तासाभरावरच्या क्युरपीपला स्वेटर, असं एकाच वेळी असतं. जून ते सप्टेंबर पूर्व किनाऱ्यावर वारा झोंबतो. पोहायचं असेल तर तेव्हा पश्चिम गाठावी.

पठारावरची ठिकाणं, म्हणजे गंगा तलाव, प्लेन शांपान्य, ब्लॅक रिव्हर दरीचा व्ह्यूपॉइंट, सकाळी लवकर उरका. दुपारपर्यंत ढग खाली उतरतात आणि दरीच्या कठड्याशी उभं राहून पांढरा पडदा बघावा लागतो. धुक्यात हेडलाइट खाली, हाय बीम लावला तर स्वतःलाच अंधारी येते.

दिवसाचा शेवटही लक्षात ठेवा. जूनमध्ये पावणेसहाच्या आत सूर्य मावळतो, डिसेंबरात सातच्या सुमारास. अंधारात बिनपदपथाच्या रस्त्यावर माणसं, कुत्री आणि दिवा नसलेल्या सायकली असतात. टेनरेक हा काटेरी छोटा प्राणीही रात्रीच रस्ता ओलांडतो.

प्रतिसाद ४

पश्चिम किनाऱ्यावरच्या काज नोयालहून डोंगरातल्या शामारेल गावाचा चढ. तीव्र वळणं, अरुंद रस्ता, वरून पर्यटकांच्या बस. हजार सीसीची गाडी, चार माणसं आणि एसी असेल तर मध्येच दम तोडते. वळणाआधीच दुसरा किंवा पहिला गिअर टाका, वळणात बदलायला गेलात की गाडी मागे सरते. गरज पडली तर एसी बंद.

उतरताना धोका जास्त. सतत ब्रेकवर पाय ठेवला की तबकड्या तापतात, जळका वास येतो आणि पायाखालचा ब्रेक मऊ लागतो. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिकमध्येही खालचा गिअर निवडायची सोय असते, ती कुठे आहे ते सपाटीवरच बघून ठेवा. वास आलाच तर थांबून ब्रेक थंड होऊ द्या, त्यावर पाणी ओतू नका.

शामारेलची सात रंगांची माती आणि धबधबा एकाच खाजगी मालमत्तेत, तिकीट एकच, धबधबा आधी लागतो. मातीचे रंग म्हणजे बसाल्ट झिजून उरलेल्या लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचे. भरदुपारी ते फिके दिसतात, तिरप्या उन्हात उठून दिसतात. जागा लहान आहे, अर्धा तास पुरे. उरलेला वेळ जवळच्या एबनी फॉरेस्टला द्या. तिथे परकी झाडं काढून स्थानिक जंगल पुन्हा उभं केलंय, आणि हे बेट मुळात कसं होतं ते तिथे कळतं. शामारेलच्या रम कारखान्यात चव घ्यायची असेल तर ती चालक सोडून इतरांनी. मद्याची कायदेशीर मर्यादा फार कमी आहे.

प्रतिसाद ५

जंगलाबद्दल. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान १९९४ सालचं. त्याची दोन माहिती केंद्रं आहेत, एक वर पेत्रँला आणि दुसरं खाली दरीच्या तोंडाशी, पश्चिमेला. इथेच लोक फसतात. पेत्रँहून माकाबेच्या बाजूने खाली उतरणारी पायवाट सुंदर आहे, पण गाडी वरच राहते आणि खालून रस्त्याने वर यायला भला मोठा वळसा. एकच गाडी असेल तर माकाबे व्ह्यूपॉइंटपर्यंत जाऊन त्याच वाटेने परत फिरा. लाल माती ओली झाली की साबण होते, गुळगुळीत तळाचे बूट नकोत.

वाटेच्या दोन्ही बाजूंना दाट झुडपं दिसतात ती बहुतांशी चिनी पेरूची. परकं झुडूप, त्याने मूळ जंगल गुदमरलंय. फळं लोक आवडीने खातात, हा भाग निराळा.

पक्ष्यांसाठी दुर्बीण ठेवा. मॉरिशसचा केस्ट्रेल हा छोटा ससाणा १९७४ मध्ये रानात फक्त चार उरला होता, तिथून तो वाचवला गेला. तो बघायला आग्नेयेकडचं फर्नी खोरं चांगलं. गुलाबी कबूतर पेत्रँच्या परिसरात किंवा माहेबूरजवळच्या इल ओ एग्रेत बेटावर. त्या बेटावर स्वतःहून जाता येत नाही. पॉइंट जेरोमहून होडी, सोबत मार्गदर्शक, आधी नोंदणी. अल्दाब्राची महाकाय कासवं तिथे मोकळी फिरतात.

व्ह्यूपॉइंटवरची माकडं पिशवी ओढतात. खाऊ गाडीत, काचा बंद.

प्रतिसाद ६

दक्षिण किनाऱ्याचा रस्ता सगळ्यात उत्तम असं माझं मत. सुइयाक ते बेल ओम्ब्र, बे द्यु काप, माकोंदेचं वळण, मग ल मॉर्न. पूर्वेकडून पश्चिमेकडे गेलात तर समुद्र डावीकडे, म्हणजे आपल्याच बाजूला राहतो आणि थांबायला सोपं जातं.

सुइयाकला ग्री ग्री इथे प्रवाळाची भिंत तुटलेली आहे, म्हणून लाटा थेट कड्यावर आदळतात. बघायचं, पाण्यात उतरायचं नाही. बाकी बहुतेक बेटाला भिंतीचं कडं आहे, म्हणून आत पाणी शांत. तरी पायात रबरी बूट घाला, दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिश उथळ पाण्यात असतो.

याच पट्ट्यात मोबाइलचा नकाशा उसाच्या शेतातून ‘जवळचा रस्ता’ दाखवतो. ऐकू नका. तो कच्चा खाजगी रस्ता असतो, टोकाला साखळी लावलेली, पावसानंतर चिखल. आणि जून ते डिसेंबरच्या सुमारास तोडणी चालते, तेव्हा उसाचे ट्रक हळू चालतात आणि कांड्या सांडतात. तोडणीआधी पुरुषभर उंच ऊस उभा असतो आणि चौकात बाजूचं काही दिसत नाही, हेही तितकंच वाईट. पाटी नसली तरी थांबून डोकवा.

ल मॉर्न, उंची ५५६ मीटर, पळून आलेल्या गुलामांचा आसरा, म्हणून २००८ पासून जागतिक वारसा. चढाईसाठी सकाळी उजाडताच गाडी लावा. अर्धी वाट रुंद आणि सोपी, पुढे हातपाय टेकून चढायचं. वर उभारलेल्या क्रूसापर्यंतच जाता येतं. खडक ओला असेल तर अर्ध्यावरून परत. किनाऱ्यावर किंवा पायथ्याशी लावलेल्या गाडीत सीटवर काहीही दिसू देऊ नका.

प्रतिसाद ७

संस्कृतीकडे येऊ. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, म्हणजे करारबद्ध मजुरांना उतरवून घ्यायचं ठिकाण, चुकवू नका (२००६ पासून जागतिक वारसा, प्रवेश मोफत, रविवारी बंद). १८३४ नंतर जवळपास पाच लाख करारबद्ध मजूर भारतातून या बेटावर उतरले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातले मराठी लोक होते. त्यांचे वंशज आज क्रेओल (फ्रेंचवर आधारलेली स्थानिक भाषा) बोलतात, पण गणपती बसतो, आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. विसर्जन समुद्रात. त्या दुपारी पश्चिम किनाऱ्यावर गाडीने जायचं तर तास-दीड तास जास्त धरा. ‘झाकरी’ नाच दिसला तर थांबाच. आपली जाखडी ओळखू येते.

महाशिवरात्रीच्या आधीचे चार-पाच दिवस गंगा तलावाच्या रस्त्यांना गाडी घालू नये. लाखो लोक बेटाच्या कानाकोपऱ्यातून मोठाल्या कावडी ओढत चालत येतात, रस्ते वळवलेले असतात. बघायचं असेल तर गाडी लांब लावून चालत जा. वाटेत ठिकठिकाणी पाणी आणि खाणं फुकट वाटतात. एरवी तिथे ३३ मीटर उंच शंकराच्या मूर्तीपाशी भरपूर वाहनतळ.

प्रतिसाद ८

बाजाराचे वार पाठ करा : माहेबूर सोमवारी, फ्लाक बुधवारी आणि रविवारी, कात्र बोर्नचा कपड्यांचा गुरुवारी आणि रविवारी. नऊच्या आधी गाडी लावायला जागा मिळते.

ढोलपुरी जोडीने विकतात. डाळ भरलेली पातळ पोळी, वर वालासारख्या मोठ्या दाण्यांची रसदार भाजी, टोमॅटोचा रुगाय, चटणी. मिरची विचारतात, ‘थोडी’ म्हणा, हिरवी मिरची आपल्यालाही झोंबते. गाडीवरचा माल बऱ्याचदा दुपारपर्यंत संपतो. सुटे रुपये ठेवा.

वाट विचारायला क्रेओल शब्द : आगोस डावीकडे, आद्रवात उजवीकडे, तू द्रवात सरळ.

पाम्प्लेमूसच्या बागेत सकाळी जा. राक्षसी कमळाचं फूल पहिल्या रात्री पांढरं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी असतं. तालिपोट ताडाला आयुष्यात एकदाच, कित्येक दशकांनी फुलोरा येतो आणि मग झाड मरतं. तो दिसणं नशिबावर.

प्रतिसाद ९

नोव्हेंबर ते मे जाणाऱ्यांनी चक्रीवादळाच्या इशाऱ्याचे चार वर्ग समजून घ्यावेत. वर्ग १ लागला की टाकी भरा, पाणी आणि टॉर्च घ्या. वर्ग २ ला मुक्कामी परत फिरा. वर्ग ३ नंतर गाडी रस्त्यावर नाही. इशारा उठला तरी पडलेल्या तारा आणि झाडं असतात, लगेच निघू नका.

वादळ नसतानाही मुसळधार पाऊस तितकाच घातक. ३० मार्च २०१३ ला पोर्ट लुईत अचानक आलेल्या पुरात ११ जण गेले, काही भुयारी मार्गात आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये अडकून. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळात त्याच शहरात गाड्या वाहून गेल्या. डोंगराच्या कुशीतलं शहर, पाणी मिनिटांत चढतं. आभाळ भरलं की तळघरात गाडी ठेवू नका, आणि रस्त्यावरचं पाणी वाहताना दिसलं तर कितीही उथळ वाटलं तरी त्यात घालू नका. गाडी तळघरात अडकलीच तर ती तिथेच सोडून जिन्याने वर या. किल्ली खिशात असू द्या, कंपनीला फोन नंतर.