मदत हवी आहे: कार्बनला चार हात फुटतात कुठून?

बारकी_शंका:
नमस्कार मंडळी. बारावीनंतर तब्बल नऊ वर्षांनी रसायनशास्त्राला पुन्हा हात घातलाय. सेंद्रियचा पहिलाच धडा, अणुरचना आणि रासायनिक बंध, आणि तिथेच गाडी रुतलीय. आठ दिवस तोच धडा उलटसुलट वाचतोय.

आधी एक कबुली. 'कक्षा' आणि 'कक्षक' हे मी कालपरवापर्यंत एकच समजत होतो. शाळेत काढलेली वर्तुळं आणि त्यांवर फिरणारे ठिपके डोक्यातून जातच नव्हते. कक्षक म्हणजे इलेक्ट्रॉनची वाट नव्हे, तो सापडण्याची शक्यता जिथे दाट असते तो भाग, हे आता कुठे कळलं. एका 'क'ने आठवडा खाल्ला.

खरी अडचण पुढे आहे. कार्बनचे ६ इलेक्ट्रॉन (१एस, २एस, २पी ही कक्षकांची नावं): १एसमध्ये २, २एसमध्ये २ आणि उरलेले दोन वेगवेगळ्या २पी कक्षकांत एकेकटे. एकटे इलेक्ट्रॉन दोनच, मग बंधही दोनच व्हायला हवेत. सीएच२ वर विषय संपला पाहिजे. पण मिथेनमध्ये तर चार! पुस्तक म्हणतं, २एसमधला एक इलेक्ट्रॉन वर २पीमध्ये चढतो, मग एक एस आणि तीन पी असे चारही कक्षक मिसळतात (यालाच संकरण म्हणतात) आणि चार सारखे एसपी३ तयार होतात. बरं. पण चढायला ऊर्जा लागते ना, ती कोण देतं? आणि हायड्रोजन अजून आलेलेच नाहीत, तर चौघं येणार आहेत हे कार्बनला आधीच कसं कळतं? क्लासमध्ये विचारलं तर 'असंच असतं, लिहून घ्या'.

दुसरी शंका स्वाध्यायातली. ॲसिटामाइडमधल्या नायट्रोजनचं संकरण ओळखा. मी मोजलं: तीन सिग्मा बंध (दोन अणूंमधला पहिला, सरळ बंध), एक लोन पेअर (बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनची जोडी), एकूण चार, म्हणून एसपी३. अमोनियाला हेच करून उत्तर बरोबर आलं होतं. इथे मागच्या पानावर एसपी२ छापलंय. चूक छापणाऱ्याची की माझी?

पाटीपेन्सिल:
सिग्मा बंध अधिक लोन पेअर मोजा. चार आले तर एसपी३, तीन आले तर एसपी२, दोन आले तर एसपी. परीक्षेपुरतं एवढं पुरतं.

बारकी_शंका:
अहो, तेच तर केलं! त्यानेच तोंडावर आपटलो.

जुना_खडू:
तुमच्या पहिल्या प्रश्नाचा घोळ पुस्तकाच्या क्रमाने घातलाय. पुस्तक सांगतं आधी इलेक्ट्रॉन चढतो, मग मिसळण, मग बंध, मग आकार. इतिहास नेमका उलटा आहे. कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या कोपऱ्यांकडे जातात हे व्हांट हॉफ आणि ल बेल यांनी १८७४ मध्येच मांडलं होतं. तेव्हा इलेक्ट्रॉन कुणाला ठाऊकही नव्हता, तो आला १८९७ मध्ये. बंध म्हणजे दोन अणूंनी वाटून घेतलेली इलेक्ट्रॉनची जोडी, हे लुईसने १९१६ मध्ये सांगितलं आणि संकरणाचं गणित पॉलिंगने १९३१ मध्ये बसवलं. म्हणजे आकार आधी माहीत होता, तो एस आणि पीच्या भाषेत सांगण्यासाठी संकरण आणलं. कार्बन बिचारा काही ठरवत नाही, संकरण आपण करतो, कागदावर.

आता ऊर्जेचा हिशेब. तो इलेक्ट्रॉन वर न्यायला मोलमागे साधारण ४०० किलोज्यूल लागतात. मोठी रक्कम आहे, पण त्या खर्चावर दोन बंध जास्तीचे मिळतात आणि मिथेनमधला एकेक बंध सरासरी ४१५ किलोज्यूल परत देतो. चारशे घालून आठशेच्या वर हाती येतात. मात्र इलेक्ट्रॉन आधी चढून हायड्रोजनची वाट बघत बसतो असं चित्र नको. हे टप्पे फक्त हिशेब मांडण्यापुरते. प्रत्यक्षात अणू जवळ येत जातात तसतसा इलेक्ट्रॉनांचा ढग बदलत जातो.

मिसळणं म्हणजे काय? कक्षक हे तरंग आहेत, त्यांची बेरीज-वजाबाकी होते. चार तरंग घेतले तर चारच मिळतात, तीन किंवा पाच नाही. फक्त नव्या चौघांची तोंडं १०९.५ अंशांवर असतात.

एक करून बघा. डायक्लोरोमिथेन कागदावर सपाट काढा, मधे कार्बन आणि चार कोपऱ्यांत दोन क्लोरीन, दोन हायड्रोजन. किती तऱ्हांनी काढता येतो?

बारकी_शंका:
कागदावर दोन: क्लोरीन शेजारीशेजारी किंवा समोरासमोर. मग मातीच्या गोळ्यात चार काडेपेटीच्या काड्या खोचल्या, दोघींची गुलं तशीच ठेवली, दोघींची खुडून टाकली. आधी चारी काड्या सपाट ठेवल्या, तर दोन वेगळ्या वस्तू झाल्या. मग चारी दिशांना सारख्या पसरल्या. आता गुलं कुठल्याही दोन काड्यांवर ठेवा, गोळा फिरवला की तीच वस्तू! दुसरी बनतच नाही.

जुना_खडू:
आणि डायक्लोरोमिथेन नावाचं संयुग आजवर एकच मिळालंय. कार्बन सपाट असता तर दोन मिळाली असती, उत्कलनबिंदूही वेगवेगळे असते. जुन्या लोकांकडे यंत्रं नव्हती, किती समघटक (तेच अणू, पण वेगळी मांडणी असलेली संयुगं) सापडतात ते मोजूनच त्यांनी आकार ओळखला.

कडू_बदाम:
ॲसिटामाइडचं मी सांगते. छपाई बरोबर आहे. तुमची मोजणीही बरोबर आहे, फक्त तुम्ही शेजाऱ्याकडे बघितलं नाहीत.

नायट्रोजनला लागून जो कार्बन आहे त्याचा ऑक्सिजनशी दुहेरी बंध आहे. नायट्रोजनची लोन पेअर पी कक्षकात असेल तर त्या दुहेरी बंधातल्या दुसऱ्या, म्हणजे पाय बंधाला समांतर उभी राहते आणि त्यात पसरते. एसपी३ मध्ये ती तिरकी पडते, नीट जुळत नाही. पसरल्याने रेणू स्थिर होतो, म्हणून नायट्रोजन सपाट होतो, एसपी२. अमोनियाच्या शेजारी पसरायला जागाच नाही, म्हणून तिथे तो १०७ अंशांचा पिरॅमिडच राहतो.

दुसरी रेझोनन्स रचना (अणू तिथेच, फक्त इलेक्ट्रॉनच्या जोड्या सरकवलेलं चित्र) स्वतः काढा. लोन पेअर कार्बनकडे वळवा, पाय बंधाची जोडी ऑक्सिजनवर ढकला. नायट्रोजनला चार बंध झाले: त्याचे स्वतःचे ५ इलेक्ट्रॉन, वाट्याला आले ४, म्हणून त्याच्यावर प्रभार अधिक १. ऑक्सिजन उणे १. एकूण शून्य, म्हणजे काही हरवलं नाही.

पुरावा हवा तर बंधाची लांबी बघा. अमाइनमध्ये कार्बन-नायट्रोजन सुमारे १.४७ ॲंगस्ट्रॉम, अमाइडमध्ये १.३३ च्या आसपास. एकेरीपेक्षा आखूड, दुहेरीपेक्षा जरा लांब. हा बंध सहज फिरतही नाही. डायमिथाइलफॉर्मामाइडचे दोन मिथाइल गट साध्या तापमानाला एनएमआरमध्ये (अणूंचा परिसर ओळखणाऱ्या चाचणीत) दोन वेगळ्या रेषा देतात, कारण एक ऑक्सिजनच्या बाजूला अडकलेला असतो, दुसरा हायड्रोजनच्या.

बारकी_शंका:
बदामताई, खडूकाका, दिवे लागले! म्हणजे नियम असा ना: आधी मोजायचं, मग लोन पेअरच्या शेजारी दुहेरी बंध दिसला की ती पी कक्षकात टाकायची? तसं करून बघितलं. पिरोल (नायट्रोजन असलेलं पाच अणूंचं कडं): नायट्रोजन एसपी२, लोन पेअर पीमध्ये, कड्यात चार अधिक दोन सहा इलेक्ट्रॉन. पिरिडिन (तसंच, पण सहा अणूंचं कडं): तेच, लोन पेअर पीमध्ये.

कडू_बदाम:
पिरोल शंभर टक्के. पिरिडिनला घसरलात, आणि तिथे सगळेच घसरतात. पिरिडिनचा नायट्रोजन स्वतःच दुहेरी बंधात आहे, त्याचा पी कक्षक तिथे आधीच खर्च झालाय. लोन पेअर जाणार कुठे? मोजा: दोन सिग्मा, एक लोन पेअर, तीन. एसपी२. लोन पेअर कड्याच्या पातळीतच, बाहेर तोंड करून. म्हणून पिरिडिन आम्लाचा प्रोटॉन सहज उचलतं. पिरोलला तो उचलायचा तर कड्याला स्थिर ठेवणाऱ्या त्या सहा इलेक्ट्रॉनांतले दोन मोडावे लागतात, म्हणून ते जवळजवळ उचलतच नाही.

पाटीपेन्सिल:
माझ्या युक्तीने पिरिडिन बरोबर आलं की! 😀

बारकी_शंका:
आलं खरं. आता वहीत युक्तीखाली लाल पेनाने लिहिलंय: 'शेजारी बघ, पण आधी स्वतःचा पी मोकळा आहे का ते बघ.' ॲनिलीन काढायला घेतोय, अडलो तर इथेच येतो.