मदत हवी आहे: गोबरगॅसचा डोम (गॅस साठणारी टोपी) भरतोय, पण गॅस पेटतच नाही

कुट्टीवाला: चार दिवस झाले, काडी लावली की विझते. बर्नर साफ केला, नळी बदलली, पाइपातलं पाणी काढलं. डोम तर रोज वर येतोय! लवकर सांगा, चूल बंद आहे.

पांदण: टाकी केवढी, कधी भरली, रोज काय घालता? काहीच लिहिलं नाहीत. नव्या टाकीतला पहिला गॅस पेटत नसतो, तो सोडून द्यायचा.

कुट्टीवाला: नवी नाही हो. दोन वर्षं शेणावर नीट चालली.

काळीमाती: कोंबडीखत घाला. माझा गॅस त्यानंच वाढला.

पांदण: त्यांच्या टाकीत काय गेलंय ते कळू तरी द्या. कोंबडीखतात नत्र फार, जास्त झालं की अमोनियानं गॅस करणारे जिवाणू दबतात. नत्राच्या २० ते ३० पट कार्बन लागतो, शेण साधारण त्यात बसतं.

काळीमाती: तीन वर्षं घालतोय, एक दिवस बंद नाही. आकड्यांवर टाकी चालत नाही.

रानवारा: इंजिनाला जोडणार असाल तर गॅस आधी लोखंडाच्या किसातून न्या. हायड्रोजन सल्फाइड तिथे अडकतो, नाहीतर आतले भाग गंजतात.

पांदण: इंजिनाचं कोणी विचारलं?

खुरपं: कुट्टीवाले, नावावरून विचारते, हिरवी कुट्टी घालताय का?

कुट्टीवाला: हो, ते राहिलंच. पंधरा दिवस मक्याची हिरवी कुट्टी आणि भिजून खराब झालेलं मक्याचं पीठ घालतोय. शेण निम्म्यावर आणलं. पिकापासून गॅस जास्त मिळतो ना?

खुरपं: मिळतो, पण टाकीला सवय लागल्यावर. पिठाचं आम्ल झटपट होतं. ते खाऊन मिथेन, म्हणजे पेटणारा वायू, करणारे जिवाणू मात्र सावकाश वाढतात. आम्ल साचलं, सामू (pH) घसरला की ते थांबतात आणि तुमच्या डोममध्ये मुख्यतः कार्बन डायऑक्साइड भरतो. तो कसा पेटणार? सामू मोजा. ६.८ ते ७.५ हवा.

काळीमाती: चुना टाका, मिटलं.

खुरपं: एकदम नको! चुना कार्बन डायऑक्साइड शोषून तळाला गाळ धरतो. त्यापेक्षा खाण्याचा सोडा, तोही थोडा थोडा. आधी टाकीत काहीही घालणं बंद करा. मग चांगल्या चालू टाकीतली ताजी स्लरी (आतला पातळ काला) ओता, त्यात हवे ते जिवाणू तयारच असतात.

पांदण: हे बरोबर. आणि ढवळायला कोणीही आत उतरू नका, रिकाम्या टाकीतही नाही. हायड्रोजन सल्फाइड वाढला की वास कळेनासा होतो आणि माणूस जागीच कोसळतो. वाचवायला उतरलेलाही जातो.

कुट्टीवाला: सामू ५.५. स्लरीला आंबूस वास आहे. सगळं बंद केलं, शेजारून आठ कॅन स्लरी आणली. शेण कधी सुरू करू?

खुरपं: ज्योत टिकली की. पहिले काही दिवस नेहमीच्या पावपट.

कुट्टीवाला: एकविसावा दिवस. सामू ६.८, काल रात्री ज्योत निळी लागली आणि टिकली. आज एकच पाटी शेण घातलं. उरलेली कुट्टी गुरांना टाकली.